‘पलात्सो’ म्हणजे राजवाडा नव्हे

इटलीविषयी लिहिताना ‘पलात्सो’ हा शब्द आला, की आमचे बहुतेक लेखक ‘राजवाडा’ असे लिहून मोकळे होतात. या सवयीस आमची सक्त हरकत आहे. ज्या नगरांनी आपल्या डोक्यावर राजा बसू दिला नाही, त्यांच्यावर आम्ही तो मराठीतून लादतो!

शब्दाचा जन्म राजवैभवात झाला, हे आम्हांस मान्य आहे. रोममधील पालातिउम नावाच्या टेकडीवर ऑगस्टस राहिला, पुढील सम्राटांनी तेथेच आपली निवासस्थाने वाढविली, आणि टेकडीचे नाव वास्तूस चिकटले. इंग्रजी ‘पॅलेस’ याच कुळातला. परंतु शब्दाचा अर्थ त्याच्या पूर्वजांस नव्हे, तो बोलणाऱ्यांस विचारावयाचा असतो. आणि इटलीतील माणूस आज भाडेकरूंनी भरलेल्या साध्या इमारतीसही पलात्सोच म्हणतो.

फ्लॉरेन्सचा पलात्सो वेक्यो घ्या. १२९९ साली त्याचे काम सुरू झाले ते नगराच्या कारभाऱ्यांसाठी. हे कारभारी दोन-दोन महिन्यांपुरते नेमले जात व तेवढी मुदत तेथेच राहत. दोन महिन्यांच्या बिऱ्हाडास राजवाडा म्हणावयाचे काय? १५४० मध्ये ड्यूक कोसिमो तेथे राहावयास गेला खरा. पण तोवर वास्तूस दोनशे चाळीस वर्षे होऊन गेली होती. त्याच्याच मेदिची घराण्याने १४४४ च्या सुमारास आपला पलात्सो बांधावयास घेतला तेव्हा ते सावकार होते. व्हेनिसचा डोज तर निवडलेला असे, आणि त्याच्या पलात्सोत सभागृहे, न्यायालये, इतकेच काय, तुरुंगही होता. तेथील धनिक मात्र आपल्या टोलेजंग हवेल्यांस ‘का’, म्हणजे नुसते घर, म्हणत. ‘का दोरो’ हे नाव अजून चालू आहे.

मराठीत दुसरा शब्द नाही, ही सबब आम्हांस पटत नाही. साताऱ्यास छत्रपतींचा राजवाडा. पण पुण्यास पेशव्यांचा, १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला, शनिवारवाडाच. सारी सत्ता तेथे एकवटली, तरी ‘राज’ हे अक्षर कोणी मागे जोडले नाही. सरदाराचा वाडा, सावकाराचा वाडा आणि खोल्याखोल्यांतून भाडेकरू राहणारा तोही वाडाच. पलात्सोस याहून जवळचा सोयरा कोठे मिळणार? कारभाराच्या वास्तूस ‘नगरवाडा’ म्हणावे. कानास थोडे दिवस खटकेल, इतकेच.