कारगिल नावाचं एक गाव

मंडळी, 'कारगिल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बर्फाची शिखरं, बोफोर्स तोफा, तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या... बरोबर ना? १९९९ च्या मे ते जुलै या तीन महिन्यांनी त्या शब्दाचा अर्थ आपल्यापुरता ठरवून टाकला. पानिपतचं असंच झालंय. तिथे आजही माणसं राहतात, चादरी-घोंगड्यांचे कारखाने चालतात. पण आपल्या लेखी पानिपत म्हणजे फक्त पराभव!

पण कारगिल हे एक गाव आहे हो. सुरू नावाच्या नदीकाठी, उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून पावणेनऊ हजार फुटांवर. २०११ च्या जनगणनेत वस्ती सोळा हजारांच्या आसपास. श्रीनगर एका बाजूला दोनशे किलोमीटर, लेह दुसऱ्या बाजूला त्याहून थोडं जास्त. म्हणून सहलवाल्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत कारगिलची ओळख एवढीच असते : 'रात्री मुक्काम, सकाळी लवकर प्रस्थान'.

गंमत म्हणजे तोलोलिंग, टायगर हिल ही ज्यांची नावं आपल्याला पाठ आहेत ती शिखरं कारगिल गावात नाहीतच. ती द्रासजवळ आहेत, गावापासून साठेक किलोमीटर अलीकडे. युद्धस्मारकही द्रासलाच, तोलोलिंगच्या पायथ्याशी. तोफगोळे मात्र कारगिलच्या बाजारपेठेवरही पडले. घरंदारं सोडून लोक सुरू खोऱ्यातल्या आतल्या गावांकडे गेले.

त्या वर्षी जूनमध्ये आमची शाळा नुकतीच सुरू झाली होती. मी नववीला इतिहास-भूगोल शिकवत होते. मुलं रोज वर्तमानपत्रातली कात्रणं आणत, जवानांसाठी डब्यात पैसे टाकत. एके दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, तिथल्या मुलांच्या शाळा भरतात का हो?" वर्ग एकदम गप्प झाला. तिच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या एकाही कात्रणात नव्हतं. मला वाटतं, तो प्रश्न आपण अजून पुरेसा विचारलेला नाही.

कारगिलला स्वतःचा असा मोठा इतिहास आहे. श्रीनगर, लेह, झंस्कार आणि स्कर्दू या चारही वाटा इथे मिळत. मध्य आशियातून येणारा माल घोड्या-खेचरांवरून इथे उतरे. मुन्शी अझीझ भट नावाच्या व्यापाऱ्याने १९२० साली इथे सराई बांधली. पुढे ती बंद पडली आणि त्यातला माल तसाच पडून राहिला. त्यांच्या वंशजांनी तो जपून संग्रहालय उभं केलं. खोगिरं, गालिचे, कापड, रंग, साबण, बटणं... कुठल्या कुठल्या देशांतून आलेला रोजच्या वापराचा माल! २००७ साली आम्ही काही निवृत्त मंडळी तिथे गेलो होतो. त्या वस्तू पाहताना जाणवलं, की ज्याला आपण देशाचं टोक म्हणतो ते एके काळी चव्हाट्यावरचं गाव होतं.

ते टोक झालं १९४८ साली. त्या वर्षी मे महिन्यात कारगिल पाकिस्तानी फौजांच्या ताब्यात गेलं, नोव्हेंबरात भारतीय सैन्याने ते परत घेतलं. स्कर्दू मात्र पलीकडेच राहिलं. रस्ता तुटला आणि नातीही. सुरू नदी आजही सीमेपलीकडे जाऊन सिंधूला मिळते, पण काठावरच्या माणसांना तिच्यामागून जाता येत नाही. गावाजवळ हुंदरमान नावाची वस्ती आहे, ती १९७१ च्या युद्धात भारताकडे आली. तिथल्या जुन्या, रिकाम्या झालेल्या घरांत आता छोटं संग्रहालय आहे. पलीकडच्या नातेवाइकांची पत्रं त्यात ठेवली आहेत. स्कर्दूचा रस्ता उघडावा ही कारगिलकरांची कितीतरी वर्षांची मागणी आहे. ती मान्य करणं सोपं नाही, हे मलाही कळतं. पण मागणी काय आहे एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं!

भाषेचंही तेच. इथले बहुतेक लोक शिया मुसलमान, पण बोलतात ती पुरगी भाषा तिबेटीच्या कुळातली. तिची सख्खी बहीण बाल्टी. आपण सर्रास वापरतो तो 'पोलो' शब्द बाल्टीतलाच, अर्थ चेंडू. लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ ला केंद्रशासित प्रदेश झाला आणि २०२५ साली पुरगीला तिथल्या राजभाषांमध्ये स्थान मिळालं. मराठीच्या 'अभिजात' दर्जाचे पेढे वाटणाऱ्या आपण या बातमीची दखल घेतली का?

माझी भाची यंदा लेहला निघाली आहे. फोनवर म्हणाली, "मावशी, कारगिलला बघण्यासारखं असं काही नाही म्हणतात." मी म्हटलं, "अगं, जर्दाळू तरी बघ!" तिथे त्याला 'चुली' म्हणतात. एप्रिलात झाडं फुलतात, जुलै-ऑगस्टमध्ये फळ पिकतं, मग घरोघरी गच्चीवर वाळवण. अगदी आपल्या सांडग्या-पापडांसारखं. कारण हिवाळा! पूर्वी झोजिला घाट पाच-पाच महिने बंद असे. अलीकडे सीमा रस्ते संघटनेने तो काळ काही आठवड्यांवर आणलाय, पण तेवढे आठवडेही आजारी माणसाला श्रीनगरला न्यायचं तर हवाईदलाच्या विमानाची वाट बघायची. झोजिलाच्या बोगद्याचं काम २०२० साली सुरू झालं. आपण त्याच्याकडे 'सैन्यासाठी' म्हणून बघतो; बाळंतिणीच्या घरचे लोक वेगळ्या नजरेने बघत असतील.

कुणी म्हणेल, मग काय शहिदांना विसरायचं? मुळीच नाही. द्रासला जरूर थांबा, तिथली नावं वाचा. पाचशेहून अधिक जवान त्या डोंगरांवर गेले. पण ते नुसत्या नकाशावरच्या रेषेसाठी लढले का? त्या रेषेच्या आत चुली पेटत होत्या, मुलं शाळेत जात होती, म्हातारी माणसं जर्दाळू फोडत बसली होती. हे जगणं एकदा पाहिलं की आपण कशाला नमस्कार करतोय ते नीट कळतं, असं माझं मत आहे. शिवाय, वर्षातून एकदा २६ जुलैलाच आठवावं, एवढंच का त्या गावाच्या वाट्याला यावं?

असो. लेहला जाणाऱ्यांना या मास्तरणीचं एकच सांगणं. कारगिलला एकाऐवजी दोन रात्री राहा. सकाळी संग्रहालय बघा, दुपारी हुंदरमान, संध्याकाळी बाजारातून नदीवर एक चक्कर. आणि जर्दाळू घरी आल्यावर सुक्यामेव्याच्या दुकानातून नाही, तिथूनच घ्या.