मुरमाची बाजू

मुठेकाठी पायवाट करायची म्हटली की आमच्या पुण्यात दोन पक्ष उभे राहतात: काँक्रीटवाले आणि पेव्हर ब्लॉकवाले. मी बी.कॉम., बँकेतला कारकून, तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे मुरमाचा एकमेव सभासद!

हिशेब सोपा आहे. खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला रस्ता बुडतो. २५ जुलै २०२४ ला तर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. तिथे पायवाटेचा काय पाड? पाणी ब्लॉकांखालची वाळू पळवतं. मग पाय ठेवला की ब्लॉक पिचकारी मारतो. डांबराचं नि पाण्याचं तर हाडवैरच. काँक्रीट टिकतं खरं, पण पावसाचा थेंब जमिनीच्या खात्यात जमा होऊ देत नाही, आणि भेगाळलं की फोडायला यंत्र लागतं.

मुरूमही वाहून जातो, कबूल. पण पाणी मारून, रोलर फिरवून नीट दाबला, तर त्यावरून चाकाची खुर्चीसुद्धा जाते. वाहून गेलाच, तर चार घमेली टाकून धुम्मसाने चोपला की झालं! अहो, जे पुन्हा पुन्हा बुडणार, ते निदान स्वस्तात बुडवावं. एवढं आमच्या कर्जखात्यालासुद्धा कळतं!