जखम चिघळली की डॉक्टर वाईट?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितेय.

नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली, की आपल्याकडे निकाल ठरलेला : डॉक्टरचा हातगुण वाईट! डॉक्टर चुकतात, हॉस्पिटलात जंतूही लागतात, मान्य. पण आरोपीच्या पिंजऱ्यात थोडी जागा आपल्यालाही हवी.

नडगीवरून बोट फिरवून बघा. कातडीखाली लगेच हाड. मांडीसारखं मांस नाही, त्यामुळे रक्तपुरवठाही बेताचा. त्यात पाय सुजतो, कातडी तुकतुकीत होते, फोड येतात. अशा कातडीवर चीर दिली तर टाके धरणार कसे? म्हणून घोट्याजवळचं हाड चुरडलं असेल तर सर्जन बरेचदा आधी बाहेरून सळया लावून पाय स्थिर करतात आणि सूज ओसरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत, आठवडा-दोन आठवडे, थांबतात. आणि आपण? "नुसतं झोपवून बिल वाढवतायत" म्हणत पेशंट हलवायला निघतो! (हाड कातडी फाडून बाहेर आलं किंवा पोटरीत दाब वाढून रक्त अडलं, तर मात्र घाईच करावी लागते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, भेटायला आलेल्या मावसभावाने नव्हे.)

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. "तंबाखू खाता का?" विचारलं की सुनेसमोर उत्तर "छे!" आमच्या वयाच्या कितीतरी बायका तर मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग ते धुरातून जावो की दाढेतून. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, नडगीचं हाड मोडून उघडी जखम झालेल्यांपैकी सिगारेट ओढणाऱ्यांत जंतुसंसर्गाची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. आणि २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्या देशातले २१.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरणारे निघाले!

तिसरी साखर. रक्तात ती वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. तरी मधुमेही पेशंटच्या उशाशी पेढे आहेतच, "अशक्तपणा आलाय ना!"

जखम उघडली की आतली पट्टी दिसू लागते, पुन्हा ऑपरेशन, दुसरीकडची कातडी आणून लावणं, हाडात जंतू शिरले तर महिनोन् महिने अंथरूण. माणूस पायाने जातो आणि घर पैशाने.

तेव्हा नातेवाईकांनो (हो, आपल्या घरातलेसुद्धा!), पेशंटला भेटायला जाताना सल्ले आणि पेढे घरी ठेवून जा. आणि डॉक्टरने विचारलं तर मिश्रीची डबी खुशाल टेबलावर काढून ठेवा. लाज वाटेल, पण पाय वाचेल.