सेरेंगेटीत माणूस नव्हताच?



उन्हाळी सुट्टी संपल्यावर आम्ही आठवीच्या वर्गाला नेहमीचाच निबंध दिला होता, 'माझा अविस्मरणीय प्रवास'. बहुतेकांनी पचमढी, उज्जैन, पुण्याचे मामा आणि आजोळचे आंबे लिहिले. एका विद्यार्थ्याने मात्र टांझानियातल्या तंबूच्या सफारीवर चार पाने भरली. आई-वडिलांबरोबर तो सेरेंगेटीत दोन रात्री आणि न्गोरोंगोरोच्या कड्यावर एक रात्र राहून आला होता. निबंध सुरेख आहे. तंबूबाहेर तरस ओरडतो तेव्हा पोटात कसे होते, हे त्याने असे लिहिले आहे की शिक्षकांच्या खोलीत तो मोठ्याने वाचला गेला. पण तिसऱ्या पानावर एक वाक्य आले, 'या भूमीला माणसाचा स्पर्श कधीच झालेला नाही.' तिथे माझे लाल पेन थांबले.

मुलाला बोलावून विचारले, तर त्याने दुसऱ्या दिवशी सहल कंपनीची रंगीत पुस्तिकाच आणून दाखवली. त्यात हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत. मुलाने छापलेले खरे मानले. त्याची चूक धरावी तरी कशी? आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबे आता आफ्रिकेच्या सफारीला जाऊ लागली आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी दोन-तीन पालकांनी माझ्याकडे विचारणाही केली आहे. म्हणून या अंकात हाच विषय घ्यावा असे ठरवले. माझे शिक्षण सगळे हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरची. भाषेत कुठे हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे.

आधीच सांगते, मी सफारीच्या विरोधात नाही. २०२३ च्या जूनमध्ये मी स्वतः जाऊन आले. थोरल्या बहिणीचा मुलगा दार-एस-सलामला नोकरीला आहे. ताई आणि भाऊजी निघाले, त्यांच्याबरोबर मीही निघाले. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघा दुखरा, तरी तंबूतच राहायचे असा हट्ट माझाच होता आणि आजही कोणी विचारले तर मी तंबूच सुचवीन. हॉटेलात आपण जंगल 'बघून' परत येतो. तंबूत रात्रभर ते ऐकावे लागते.

सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेरा म्हणून भाग आहे. तिथल्या सार्वजनिक तळांना कुंपण नाही. स्वयंपाकाची आणि जेवणाची जागा मात्र लोखंडी जाळीने बंद केलेली. म्हणजे माणसे पिंजऱ्यात आणि जनावरे मोकळी! ताई म्हणाली, 'हे बरोबर आहे, इतकी वर्षे प्राणिसंग्रहालयात आपण उलटे करत आलो.' मार्गदर्शकाने पहिल्या संध्याकाळीच नियम सांगितले. तंबूत खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही, बिस्किटसुद्धा नाही. चेन पूर्ण लावायची. रात्री बाहेर जावेच लागले तर आधी टॉर्च चारी बाजूंना फिरवायचा, डोळे चमकले तर मुकाट्याने परत आत. आपल्या मुलांना आम्ही शिस्तीचे कितीतरी धडे देतो, पण इतक्या चटकन पाळली गेलेली शिस्त मी माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत पाहिली नाही.

भाषेचीही गंमत वाटली. 'सफारी' हा स्वाहिली शब्द मूळ अरबीतून आलेला, आपल्या 'सफर'चाच भाऊ. अर्थ नुसता प्रवास. गाडीला ते 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', रंगाला 'रंगी'. चहाला 'चाय' आणि पोळीला 'चपाती'! आमच्या स्वयंपाक्याने केलेली चपाती जरा जाड आणि तेलकट होती, पण कोबीच्या भाजीबरोबर छान लागली. शाकाहारी मंडळींनी उगाच घाबरू नये.

आता त्या वाक्याकडे येते.

सेरोनेराच्या दक्षिणेला सपाट गवताळ मैदानातून मोठमोठे खडक वर आलेले दिसतात. त्यांना मोरू खडक म्हणतात. गेंड्यांच्या राखणीसाठी तो भाग प्रसिद्ध आहे. आमच्या मार्गदर्शकाने तिथे गाडी थांबवली आणि एका खडकाच्या पोटाशी नेले. वरच्या दगडाच्या छायेत लाल, पांढऱ्या आणि काळ्या रंगात ढाली काढलेल्या होत्या. मासाई योद्ध्यांच्या ढाली. जवळच एका मोठ्या दगडाला खळगे पडलेले, लहान दगडाने ठोकले की घंटेसारखा आवाज येतो. म्हणजे इथे कोणी तरी बसत होते, रंग कालवत होते, दगड वाजवत होते. मी विचारले, 'हे लोक आता कुठे आहेत?' मार्गदर्शक शांतपणे म्हणाला, 'मॅडम, कालच्या रस्त्यावर गुरे राखणारी मुले दिसली ना, तेच.'

आदल्या दिवशी न्गोरोंगोरोहून येताना लाल शाल पांघरलेली दहा-बारा वर्षांची मुले दिसली होती खरी. आमच्या पाचवी-सहावीच्या वयाची. ताईने त्यांचे फोटो काढले होते.

परत आल्यावर मी जे वाचले ते थोडक्यात सांगते, कारण पुस्तिकेत ते मिळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेत गुरांचा बुळकांडी रोग शिरला. इटालियन फौजेसाठी लाल समुद्राच्या किनाऱ्यावर आणलेल्या गुरांबरोबर तो आला आणि ती गुरे बहुधा आपल्या हिंदुस्थानातली होती, असे मानले जाते. मासाईंची बहुतेक गुरे मेली. पाठोपाठ दुष्काळ आणि देवीची साथ. १८९२ मध्ये ऑस्ट्रियाचा प्रवासी ऑस्कर बाउमान न्गोरोंगोरोला पोहोचला, तेव्हा त्याला उपासमारीने हाडांचे सापळे झालेले मासाई भेटले. म्हणजे युरोपच्या लोकांनी जी ओसाड भूमी पाहिली, ती नुकतीच उजाड झालेली भूमी होती. घरात मयत झाल्यावर पाहुणा यावा आणि त्याने समजावे की या घरात कधी कोणी राहतच नव्हते, तसे हे झाले.

पुढे १९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले. जर्मनीचे प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून तिथली जनावरे मोजली. जानेवारी १९५९ मध्ये त्याच विमानाला अपघात होऊन मिखाएल वारला. त्यांच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले आणि जगभर सेरेंगेटीचे नाव झाले. न्गोरोंगोरोच्या कड्यावर बापलेकाचे स्मारक आहे, तिथे मी हात जोडले. त्यांचे काम मोठेच. पण उद्यानात माणूस राहूच नये, तिथला मूळ रहिवासीसुद्धा नको, हे त्यांचे ठाम मत होते आणि सरकारनेही तेच केले. १९५८ मध्ये बारा मासाई वडीलधाऱ्यांनी जमीन सोडण्याच्या करारावर संमती दिली आणि १९५९ मध्ये लोक सेरेंगेटीतून न्गोरोंगोरोकडे हलले. तिथे गुरांसह राहता येईल, असे त्यांना सांगितले गेले होते. मोरूच्या ढाली मागे राहिल्या.

आणि ज्या वाइल्डबीस्टच्या कळपांसाठी आपण लाखो रुपये खर्चून जातो, त्यांची कथाही गुरांशीच बांधलेली आहे. १९६० च्या सुमारास हे प्राणी अडीच लाखांच्या आसपास होते. गुराख्यांच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली, गुरांतला रोग हटला, तसा रानातल्या जनावरांमधलाही हटला. १९७७ पर्यंत वाइल्डबीस्ट तेरा लाखांवर गेले. २०११ मध्ये हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे पुस्तिकेतल्या त्या 'अस्पर्श' कळपांमागे गोठ्यातली सुई आहे. मला तर हे नदी ओलांडण्याच्या दृश्याहून अधिक थरारक वाटते. (ते दृश्य जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदीवर दिसते. जूनमध्ये हमखास दाखवू म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही ठेवला होता.)

हे जुने झाले म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. न्गोरोंगोरोत १९५९ मध्ये आठ हजारांच्या आसपास लोक होते, ते आता लाखाच्या घरात गेले. इतकी माणसे आणि इतकी गुरे ती जमीन पेलू शकत नाही, असे सरकारचे म्हणणे. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कड्यावरून खाली जाणारे धुळीचे रस्ते मीही पाहिले, पण त्या रस्त्यांवर धूळ उडवणाऱ्या शंभर गाड्यांपैकी एक आमची होती, हेही खरे. २०२२ पासून तिथल्या कुटुंबांना सुमारे सहाशे किलोमीटर दूर म्सोमेरा गावी नेणे सुरू झाले. लोक स्वखुशीने जात आहेत, असे सरकार म्हणते. आमच्या शाळा-दवाखान्यांचा पैसा आटवून आम्हाला हुसकावले जाते, असे रहिवासी म्हणतात. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मासाई रस्त्यावर उतरले आणि पर्यटकांच्या गाड्या अडल्या. शाळा चालवणारी बाई म्हणून 'शाळेचा पैसा आटवला' हे शब्द मला सहज ओलांडता येत नाहीत. आपण भरलेल्या प्रवेशशुल्काचा या सगळ्याशी संबंध आहे, एवढे तरी जाणाऱ्याला ठाऊक असावे.

ग्वाल्हेरकरांना हे परके वाटायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या माधवराव शिंदे महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून या भागातल्या जंगलात सोडले होते. तो प्रयोग फसला. पुढे गीरचे सिंह आणायचे म्हणून १९९८ ते २००३ च्या दरम्यान श्योपूर जिल्ह्यातल्या कूनोमधून चोवीस गावे उठवली गेली, बहुतेक सहरिया आदिवासींची. सिंह काही आले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाचे आठ चित्ते आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे बारा. आपण शाळेत चित्त्यांची चित्रकला स्पर्धा घेतली, बक्षिसे वाटली. जवळजवळ दीडशे चित्रे आली. एकाही चित्रात माणूस किंवा झोपडी नव्हती. मीच परीक्षक होते आणि तेव्हा माझ्याही ते लक्षात आले नाही.

इंग्रजीतला 'वाइल्डरनेस' शब्द मराठीत आणताना आपण 'निर्जन अरण्य' लिहितो. पण माझी आजी सांगायची, 'आजोबा रानात गेलेत,' म्हणजे शेतावर गेलेत. तिच्या रानात बैल होते, बांध होते, पाण्याची कळशी होती. 'रान' म्हणजे जिथे कोणी नाही ती जागा, हे तिच्या डोक्यातही आले नसते. हिंदी शाळेत मी 'बियाबान' शिकले, पण आजीचे रान मला मोरूच्या खडकांपाशी जास्त जवळचे वाटले.

आणि 'माणसाचा स्पर्श कधीच झाला नाही' म्हणायचे तरी कुठल्या जमिनीबद्दल! न्गोरोंगोरोहून सेरेंगेटीला जाताना उजवीकडे ओल्डुवाई घळीचा फाटा लागतो. पुरातन मानवाच्या अभ्यासात त्या घळीचे नाव जगप्रसिद्ध आहे. तिच्या दक्षिणेला लेटोली येथे १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सापडली. दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांची, छत्तीस लाख वर्षांपूर्वीची. बहुतेक गाड्या त्या फाट्यावर थांबत नाहीत. उद्यानाचा परवाना तासांच्या हिशोबावर चालतो, चालकाला वेळ गाठायची असते आणि प्रवाशांना सिंहाची घाई असते. आम्ही भांडून एक तास मिळवला. तिथे छोटे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सहल ठरवतानाच तो तास लेखी मागून घ्यावा आणि मोरूचे खडकही.

आणखी थोडे कामाचे. जूनमध्ये कड्यावरच्या तळावर आपल्या जानेवारीसारखी थंडी असते, उंची सुमारे तेवीसशे मीटर. झोपायची पिशवी चांगली मागून घ्या. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत भरा. केनियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रावर. 'बिग फाइव्ह'ची यादी मुलांच्या हातात देऊ नका. पायी शिकार करायला कठीण अशी पाच जनावरे शिकाऱ्यांनी निवडली, त्यातून ती यादी आली. त्यापेक्षा मार्गदर्शक आणि स्वयंपाक्याजवळ बसायला सांगा. त्यांना आपल्या मुलांचे प्रश्न आवडतात. आमचा स्वयंपाकी तर रोज रात्री विचारायचा, तुमच्या शाळेत मुले किती, फी किती.

त्या विद्यार्थ्याला मी दहापैकी साडेआठ गुण दिले. ते वाक्य खोडले नाही, खाली एक रेघ ओढून समासात लिहिले, 'मोरू खडक बघितलेस का?' परवा तो वही घेऊन आला. म्हणाला, 'मॅडम, त्या खडकांवरून गाडी गेली होती, पण काकांनी सांगितले की तिथे बघण्यासारखे काही नाही.' आता तो आणि त्याचा मित्र पुढच्या शनिवारच्या परिपाठात मासाई ढालींवर दहा मिनिटे बोलणार आहेत. रंग चित्रकलेच्या सरांकडून मागून नेले आहेत, फक्त लाल, पांढरा आणि काळा.