सांबऱ्याचा नियम निपाणीला कशाला?



महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ड्रोनवर सरसकट बंदी घालावी, ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची मागणी काळजीपोटी आलेली आहे. पण तिला नियमांचा आधार नाही.

काळजी रास्तच आहे. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. बेळगावात तर सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाची प्रशिक्षण संस्था, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. तिथे ढिलाई नकोच.

मात्र २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी या दक्षतेची सोय आधीच केली आहे. विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरमध्ये कोणत्याही उंचीवर उडवायचे तर हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांच्या वर, त्यापलीकडे चारशे फुटांच्या वर ती लागते. लाल क्षेत्रात, म्हणजे एरवी ड्रोनला मनाई असलेल्या भागात, केंद्र सरकारची परवानगी लागते.

निपाणी या वर्तुळाच्या कितीतरी बाहेर आहे. डोक्यापेक्षा उंच उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे अवघड. तिथे फवारणीचा ड्रोन शेतकऱ्याला विषारी औषधापासून दूर ठेवतो. बंदी त्याच्यावर का?

खरी उणीव ओळखीची आहे. प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे, पण आकाशातल्या यंत्रावरचा क्रमांक जमिनीवरून वाचता येत नाही. अमेरिकेत १६ मार्च २०२४ पासून ड्रोनने उडताना स्वतःची ओळख व ठिकाण प्रसारित करण्याच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली. आपल्या नियमांतही अशा यंत्रणेची तरतूद आहे. केंद्राने ती सक्तीची करावी, ही मागणी सीमाभागातून एकमुखाने व्हायला हवी.

— एक वाचक, निपाणी