गाडी त्याची, पर्यावरण तिचं?

अलीकडे तरुणांना पर्यावरणाचे धडे देण्याची लाटच आली आहे. मोटारसायकल सोडा, सायकल चालवा, बसने जा, जवळ असेल तर पायी जा! आमच्या उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावातही अशी व्याख्यानं होतात. धूर कमी व्हावा, पेट्रोल वाचावं, याला माझा विरोध नाही. पण ‘तरुण’ म्हणताना वक्त्याच्या डोळ्यांसमोर फक्त मुलगा असतो, याला मात्र ठाम विरोध आहे.

कारण मुली हे सगळं आधीपासूनच करताहेत. ढाणकी, विडूळ, मुळाव्याकडून शिकायला येणारी मुलगी बहुधा एसटीनेच येते. गावातली पायी नाहीतर सायकलने जाते. याला कुणी पर्यावरणप्रेम म्हणत नाही, आणि म्हणूही नये. तिच्यापाशी दुसरं साधनच नाही. घरात एक मोटारसायकल असेल तर ती भावाची. तो नापास झाला तरी त्याचीच! ती पुढे शिकते म्हणाली की ‘जायचं-यायचं कसं?’ हा प्रश्न मात्र तिला.

ही मोटारसायकल येते कुठून, हेही एकदा बोलू या. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. तरी लग्नाच्या बैठकीत ‘पोराला गाडी द्या’ असं अजून बिनदिक्कत मागितलं जातं. पैसे मुलीच्या बापाचे, कर्ज त्याच्या कपाशी-सोयाबीनच्या भरवशावर, गाडी जावयाची. आणि ती मागच्या सीटवर, पदर चाकात जाऊ नये म्हणून सांभाळत बसलेली! तरुणांच्या गाडीवेडावर तासभर बोलणारे या बैठकांबद्दल चकार शब्द का काढत नाहीत?

शासनाने काहीच केलं नाही असं नाही. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास आहे. 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण गाडीच नसेल तर अर्धं तिकीट काय कामाचं? 2021-22 च्या एसटी संपात हे उघड झालं. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांशी आपलं भांडण नाही. पण गाड्या थांबल्या तेव्हा मोटारसायकलवाला कॉलेजात पोचला आणि पासवाली घरी बसली. घरी बसलेल्या मुलीचं लग्न ठरायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणूनच नोकरीला लागलेली मुलगी हप्त्यावर स्कूटी घेते तेव्हा मला तिला नावं ठेववत नाहीत. ती चैन करत नाही. उशीर झाला की ‘न्यायला या’ म्हणून कुणापुढे तरी आर्जव करायची वेळ ती संपवते.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, दगडखाणीत राबणाऱ्या होत्या. टवाळी झाली, पण त्या उतरल्या नाहीत. पाणी आणायला, मुलाला पोचवायला, बाजार गाठायला कुणाची वाट पाहावी लागेना, म्हणून त्यांनी सायकल धरली. उपदेशाने नव्हे.

केंद्राच्या 2023 च्या विजेच्या बस योजनेत तीन लाखांच्या वरची शहरं धरली. 2011 च्या जनगणनेत आमचं गाव पन्नास हजारांच्या आत. तेव्हा आपलं मागणं साधं आहे. शेवटचा तास सुटल्यावर गावाकडे जाणारी गाडी हवी. स्टँडवर उजेड आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. पायी चालायला रस्त्याची कड मोकळी हवी. एवढं मिळालं तर मुली बसने जातील, आणि मुलांनाही गाडीवाचून अडणार नाही.

मुलांना उपदेश करायचाच असेल तर लग्नातली गाडी आधी नाकारायला सांगा. आणि मैत्रिणींनो, धुणी-भांडी, पाणी, म्हातारी माणसं यांच्या जोडीला पर्यावरणही एकट्या बाईच्या अंगावर पडत असेल, तर ते मुकाट्याने घेऊ नका. वेळापत्रक मागा. लेखी मागा, दहाजणी मिळून मागा.