एक ‘नाही’ आणि दोनशे चौदा ‘हो’

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले. बाजूने १८६, विरोधात १. तो एक विरोध महाराष्ट्रातल्या खासदाराचा होता. शरद जोशींचा. ज्यांच्या हाकेला ओ देऊन नोव्हेंबर १९८६ मध्ये खेड्यापाड्यांतल्या बाया छातीवर बिल्ला लावून, फडक्यात भाकरी बांधून चांदवडला गेल्या, त्यांनी बायांच्या आरक्षणाला एकट्याने ‘नाही’ म्हटले. आपल्या जिल्ह्यातल्या संघटनांच्या बैठकीत हा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. एक म्हणतो, पुरुष तो पुरुषच, वेळ आली की जात दाखवतोच. दुसरा म्हणतो, साहेबांनी केले ते विचार करूनच केले असणार. दोन्ही तटांना आम्ही सांगू इच्छितो की, बायांनो, आपण चुकीच्या माणसावर भांडतो आहोत.

आधी त्यांचा आक्षेप नीट पाहू. त्या विधेयकात एक तृतीयांश जागा राखीव होत्या, पण त्या फिरत्या. तीन निवडणुकांत प्रत्येक मतदारसंघाची पाळी एकदा यायची. म्हणजे निवडून आलेल्या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक, की पुढच्या खेपेला ही जागा आपली नाही. आणि शेजारच्या मतदारसंघातल्या पुरुषाला धाकधूक, की पुढची चिठ्ठी आपल्या नावाची निघेल. मग मतदारसंघ बांधायचा कोणी आणि कशासाठी? जोशींचा मुख्य आक्षेप हा होता. तो खोटा आहे असे बुलडाणा जिल्ह्यात राहणारी कोणती बाई म्हणू शकेल?

सरपंचपदाची सोडत आपण पाहतोच. बरणीतून लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात आणि एका चिठ्ठीत गावातल्या बाईचे पाच वर्षांचे राजकारण सुरू होते, पुढच्या चिठ्ठीत संपते. पहिली दोन वर्षे ती खुर्चीवर बसायला शिकते, तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला हिशेब विचारते, चौथ्या वर्षी तिच्यावर अविश्वासाची कुजबूज सुरू होते, पाचव्या वर्षी आरक्षण बदलते. तोवर नवरा ‘सरपंचपती’ म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवतच असतो. उलट बाई एकाच ठिकाणी पाय रोवून उभी राहिली तर काय होते तेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. चिखलीतून रेखाताई खेडेकर १९९५, १९९९ आणि २००४ अशा लागोपाठ तीन वेळा विधानसभेवर गेल्या. त्याच चिखलीने २०१९ आणि २०२४ मध्ये श्वेताताई महाले यांना निवडून दिले. जागा स्त्रियांसाठी राखीव नव्हती. (पक्ष कोणता, हा इथे मुद्दा नाही. त्यांच्या पक्षाशी आमचे काय वाद आहेत ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.)

म्हणजे आक्षेप बरोबर होता. मत मात्र चूक होते, आणि तेही मोकळेपणी म्हटले पाहिजे. फिरत्या आरक्षणाने बाई अर्धवट उभी राहते, पण आरक्षणाशिवाय ती उभीच राहत नाही. बुलडाणा लोकसभा मतदारसंघातून २०२४ पर्यंत एकही स्त्री निवडून गेलेली नाही. चिखलीचे उदाहरण गोड आहे, पण ते अपवादाचे उदाहरण आहे. २०२४ च्या निवडणुकीत २८८ आमदारांत स्त्रिया आल्या २१. हे शरद जोशींना कोणी शिकवायची गरज नव्हती. चांदवडच्या अधिवेशनातच जिल्हा परिषदेच्या सर्वच्या सर्व जागा बायांनी लढवाव्यात असा निर्धार झाला होता. एक तृतीयांश नाही, निम्म्या नाही, सगळ्या. त्या निवडणुकाच सरकारने पुढे ढकलल्या. पुढे १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातले विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा अशा गावांत बायांनी अख्ख्या ग्रामपंचायती ताब्यात घेतल्या. आणि १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या तेव्हा कुठे साध्या घरातली बाई सदस्य म्हणून सही करू लागली. हे सगळे ज्याने जवळून पाहिले त्याने भाषणात आक्षेप मांडावा, दुरुस्ती मागावी, सभागृह डोक्यावर घ्यावे. पण मतपटावर कारणे लिहायला जागा नसते. तिथे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उरते, आणि त्यांचा ‘नाही’ हा बायांना नको म्हणणाऱ्या सगळ्यांच्या कामी आला.

पण आता त्या १८६ जणांकडे वळा. त्यांना आपण काय विचारले? त्या दोन दिवसांत सभागृहात विधेयकाच्या प्रती फाडल्या गेल्या, सात सदस्य निलंबित झाले, मार्शल बोलवावे लागले. तेवढे झाल्यावर सत्ताधारी आणि प्रमुख विरोधी पक्ष एका सुरात ‘हो’ म्हणाले, पेढे वाटले गेले, आपणही फटाके उडवले. मग? लोकसभेत ते विधेयक मतदानाला आलेच नाही. चार वर्षे पडून राहिले आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्याबरोबर मेले. एका माणसाने विरोध केला म्हणून ते मेले काय? होकार देणाऱ्यांनीच त्याला उपाशी ठेवले.

२०२३ मध्ये पुन्हा तेच नाटक, अधिक झगमगाटात. २० सप्टेंबरला लोकसभेत ४५४ विरुद्ध २. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. विरोधाला औषधालासुद्धा कोणी नाही! आणि कायद्याच्या पोटात कलम काय, तर आधी जनगणना होईल, मग मतदारसंघांची फेररचना होईल, त्यानंतर आरक्षण. २०२४ ची लोकसभा त्याविना झाली, त्याच वर्षीची महाराष्ट्राची विधानसभाही झाली. या अटीविरुद्ध विरोधी बाकांवरून भाषणे झाली, हे खरे. पण मतदानाची घंटा वाजल्यावर सगळे एकजात ‘हो’ म्हणून मोकळे झाले. बायांच्या विरोधात दिसायचे नाही, एवढीच सगळ्यांची काळजी. गंमत पाहा, या नव्या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत, पुढच्या फेररचनेनंतर फिरतात. तेरा वर्षांपूर्वी एकटा माणूस जे म्हणत होता त्यातले निम्मे तरी मान्य झाले. त्याचे ऐकून झाले असा आमचा दावा नाही. तोवर जोशी हयातही नव्हते, २०१५ मध्ये गेले.

वरिष्ठ सभागृहातल्या विरोधी सदस्याजवळ आकडे नसतातच. त्याच्याजवळ असतो प्रश्न, लक्षवेधी सूचना, अशासकीय विधेयक. त्याचे विधेयक पडणार हे त्यालाही माहीत असते. आयर्लंडमध्ये १९७१ साली मेरी रॉबिन्सन ही तरुण अपक्ष सदस्या तिथल्या वरिष्ठ सभागृहात, सेनेटमध्ये, संततिनियमनाच्या साधनांवरची बंदी उठवण्याचे विधेयक घेऊन उभी राहिली. चर्चनियंत्रित देश तो. सभागृहाने विधेयक दाखलसुद्धा करून घेतले नाही. पण विषय दाबता आला नाही. बायांनी तो रस्त्यावर नेला, न्यायालयात नेला, आणि १९७९ मध्ये कायदा बदलावा लागला, जरी तो रडतखडत, डॉक्टरच्या चिठ्ठीच्या अटीवर बदलला तरी. आपल्याकडे मृणालताई गोरे विरोधी बाकावरून गर्भलिंग तपासणीबद्दल विधानसभेत बोलत होत्या आणि बाहेर मुंबईतल्या स्त्री संघटना त्याच मुद्द्यावर उभ्या होत्या, म्हणून १९८८ चा राज्याचा कायदा झाला, देशात पहिला. तो कायदा राबवला कसा गेला, ते २०११ ची जनगणना सांगते. बुलडाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली ८५५. या आकड्यावर आपल्या भागातल्या किती आमदार-खासदारांनी सभागृह बंद पाडले?

आणि सातबाऱ्याचे काय? लक्ष्मीमुक्तीत काही गावांनी बायकांच्या नावे जमीन केली, हे जोशींच्या संघटनेचे ऋण आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले त्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत बुलडाणा होता, आणि नवरा गेल्यावर जमिनीच्या कागदावर नाव नाही म्हणून कर्ज नाही, मदत नाही, या फेऱ्यात सापडलेल्या बाया आपल्याला नव्या नाहीत. स्त्री शेतकऱ्याला शेतकरी म्हणून दाखला द्यावा, पाणी-कर्जावर तिचा हक्क मानावा, असे खासगी विधेयक डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत मांडले. ते राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होते, त्यांच्यामागे ना पक्ष ना मते. २०१३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि विधेयकही संपले. ते उचलून धरायला २१४ तर सोडाच, १४ जण तरी धडपडताना दिसले काय? आम्हीही आमच्या मोर्चात त्या विधेयकाचे नाव किती वेळा घेतले?

आता आपल्या दारातली गोष्ट. नवे आरक्षण लोकसभा आणि विधानसभांना आहे. राज्यसभा आणि विधान परिषद त्यातून बाहेर. म्हणजे वरच्या सभागृहात बाई पाठवायची की नाही हे पक्षांच्या मर्जीवर. पण अकोला-बुलडाणा-वाशीम असा स्थानिक स्वराज्य संस्थांचा एक मतदारसंघ विधान परिषदेत आहे. त्याचे मतदार कोण? जिल्हा परिषद आणि नगरपालिकांचे सदस्य. आणि २०११ च्या दुरुस्तीपासून त्यांतल्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. पन्नास टक्के मतपत्रिका बायांच्या हाती असलेली अशी वरच्या सभागृहाची निवडणूक आपल्या तीन जिल्ह्यांत होते, आणि तिची चर्चा आपण कधी स्त्रियांची निवडणूक म्हणून करत नाही. मतदार सदस्यांना गाडीत घालून कुठल्या तरी हॉटेलात नेल्याच्या बातम्या तेवढ्या वाचतो. तिथे बाईबरोबर कोण जाते, तिच्या वतीने कोण बोलते, हेही सर्वांना ठाऊक आहे.

जिल्हा परिषदेत आणि पालिकेत बसलेल्या आपल्या मैत्रिणींना आमचे म्हणणे आहे, की पुढच्या खेपेला मत मागायला जो कोणी येईल, कोणत्याही पक्षाचा येवो, त्याला पाठिंब्याचे विचारू नका. पाठिंबा सगळेच देतात. सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल आणि ८५५ च्या आकड्याबद्दल तो कोणत्या अधिवेशनात, कोणती सूचना, कोणत्या शब्दांत मांडणार, ते त्याच्याकडून लिहून घ्या, आणि तो कागद नवऱ्याच्या खिशात नको, तुमच्या पिशवीत ठेवा.